पायडलवर जोर दिला की चेन सटकते: कुठून शोधायचं, कुठे थांबायचं

चढ लागतो, तुम्ही सीटवरून उठता, उजव्या पायडलवर सगळं वजन टाकता आणि पायाखालचं पायडल क्षणभर पोकळ होतं. खट्कन आवाज येतो, पाय खाली जातो, गुडघा हँडलवर आपटतो. हा बिघाड मी स्वतःच्या आणि ओळखीतल्यांच्या सायकलींवर इतक्यांदा काढला आहे की आता आवाजावरूनच निम्मा अंदाज येतो. पण सुरुवातीला मीही सगळे करतात तेच केलं होतं. चेन सटकते ना, मग चेन बदला. नवी कोरी चेन घातली आणि सायकल आधीपेक्षा जास्त सटकायला लागली. का, ते पुढे येईलच. या बिघाडात सुटा भाग विकत घेणं ही शेवटची पायरी आहे, पहिली नाही.

एक काळजी आजपासून घ्या. कारण सापडेपर्यंत उभं राहून पायडल मारू नका आणि वाहनांच्या गर्दीत तर मुळीच नको. चेन सटकली की तोल पुढे आणि बाजूला जातो, आणि सावरायला वेळ मिळत नाही.

लक्षणं: आधी ठेका ओळखा

सटकण्याला एक लय असते. पान्हा हातात घेण्याआधी सपाट, मोकळ्या रस्त्यावर बसूनच सायकल चालवा आणि ती लय पकडा.

दर तीन-चार फेऱ्यांनी एकदा, अगदी हलक्या पायानेही खट् होत असेल तर चेनची एखादी कडी आखडलेली आहे. समजा चेनमध्ये आतल्या-बाहेरच्या मिळून ११४ कड्या आहेत आणि पुढच्या चक्राला ३२ दाते. मग चेनची एक पूर्ण प्रदक्षिणा व्हायला पायडलच्या साधारण साडेतीन फेऱ्या लागतात. पुढे ४२ दाते असतील तर पावणेतीन. आखडलेली कडी दर प्रदक्षिणेला मागच्या चकतीवरून जाते आणि तिथेच उडी मारते.

पायडलच्या प्रत्येक फेरीत, दर वेळी त्याच जागी झटका बसत असेल तर मागे बघूच नका. पुढच्या चक्राचा एखादा दाता वाकलाय किंवा क्रँकची, म्हणजे पायडल धरणारी, दांडी ढिली आहे. जुन्या पद्धतीच्या कॉटर पिनवाल्या, म्हणजे दांडी पाचरीसारख्या पिनेने अडकवलेल्या, सायकलीत पिन सैल झाली की अगदी असाच झटका लागतो आणि माणूस चेनला दोष देत बसतो.

एक-दोन ठरावीक गिअरमध्येच आणि फक्त जोर दिल्यावर सटकत असेल तर ती झीज आहे. मधल्या गिअरमध्ये टिकटिक होत असेल आणि मध्येच आपोआप गिअर बदलत असेल तर केबल किंवा हँगर (डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारी मागची यंत्रणा, धरणारा तुकडा) बघायचा. आणि सगळ्याच गिअरमध्ये, चेन जागच्या जागी असताना पायडल नुसतंच पुढे पळत असेल तर फ्रीव्हील, म्हणजे पायडल थांबवल्यावर चाक मोकळं फिरू देणारा मागचा भाग, गेलं. असं असेल तर मधलं सगळं सोडून थेट शेवटच्या भागाकडे जा, आणि सायकल चालवत नाही, ढकलत न्या.

घरी बघायचं असेल तर मागचं चाक जमिनीवरून उचललं जाईल अशी सायकल टांगा. एका हाताने पायडल फिरवा आणि दुसऱ्या हाताने मागचा ब्रेक हलका दाबा. ब्रेकमुळे चेनवर ताण येतो आणि जे रस्त्यावर होतं ते डोळ्यांसमोर होतं. बोटं मात्र चेन आणि चक्रापासून लांब ठेवा.

बिनखर्चाच्या तपासण्या

सगळ्यात आधी मागचं चाक. पंक्चर काढून चाक परत बसवल्यानंतर हा त्रास सुरू झाला असेल तर नव्वद टक्के काम इथेच होतं. चाक ढिलं करा, सायकल सरळ उभी धरून वजनाने एक्सल खाचेत पूर्ण बसू द्या आणि पुन्हा आवळा. एक्सल दोन मिलीमीटर तिरका बसला तरी सगळ्या चकत्या डिरेलरच्या रेषेतून सरकतात. बिनगिअरच्या सायकलीत खाच आडवी असते. तिथे जोर दिला की चेन उजवी बाजू पुढे खेचते, चाक तिरपं होतं आणि चेन ढिली पडून सटकते. तिच्यात चेनच्या मध्यावर बोटाने वर-खाली करून साधारण एक ते दोन सेंटिमीटरची ढील असावी. पायडल हळूहळू पूर्ण फिरवून सगळ्यात घट्ट जागी मोजा, कारण चक्र क्वचितच अगदी गोल असतं.

मग क्रँकच्या दोन्ही दांड्या धरून आडव्या हलवा. खटखट लागली तर बोल्ट आवळा. चौकोनी एक्सलवर ढिली दांडी तशीच चालवली तर तिचं भोक कायमचं वाढतं आणि मग कितीही आवळली तरी ती परत ढिली होते. ही पाच मिनिटांची तपासणी टाळून मी एक चांगली डावी दांडी गमावली आहे.

त्यानंतर सफाई. ही मी उगाच सांगत नाही. मळलेल्या सायकलीत खालच्या कुठल्याच तपासणीचा निकाल खरा येत नाही. जुना टूथब्रश, फडकं आणि थोडं डिग्रीजर पुरतं. कॅसेटच्या, म्हणजे मागच्या दातेरी चकत्यांच्या संचाच्या, दोन चकत्यांमधल्या फटीत फडक्याची कड घालून पुढे-मागे ओढा. काळी, चिवट, वाळूमिश्रित पेस्ट निघते. ती दात्यांच्या तळाशी साठली की चेनचा रोलर (पिनेवर फिरणारी छोटी नळी) पूर्ण खाली बसतच नाही आणि ताण आला की वर चढतो. एकदा एका सायकलीच्या डिरेलरमधल्या दोन छोट्या जॉकी चाकांपैकी खालच्याभोवती मला काळा दोरा सापडला. बहुधा बॅगेच्या पट्ट्याचा असावा. तो ग्रीसमध्ये इतका घट्ट गुंडाळला गेला होता की चाकाचाच भाग वाटत होता. सुईने उचकून काढला, जवळजवळ हातभर निघाला, आणि तीन आठवड्यांचा बिघाड तिथेच संपला.

आता आखडलेली कडी. पायडल उलटं, अगदी सावकाश फिरवा आणि मागच्या जॉकी चाकांवर नजर ठेवा. निरोगी चेन तिथून पाण्यासारखी वळते. आखडलेली कडी आली की डिरेलरचा हात टुणकन उडतो. त्या कडीवर खडूने खूण करा, थेंबभर तेल सोडा, दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी चेन तिथे आडवी, म्हणजे डावी-उजवीकडे, हलकेच वाकवा. बहुतेक वेळा एवढ्याने ती सुटते. पावसात भिजून तशीच उभी राहिलेली सायकल असेल तर अशा चार-पाच कड्या सापडतील. एकच सापडली आणि ती चेन जोडल्याच्या ठिकाणची असेल तर पिन नीट बसलेली नाही. अशी पिन कधीही तुटू शकते, म्हणून तिथे नवी क्विक लिंक (सहज उघडता-लावता येणारी जोडकडी) घाला. बिनगिअरच्या चेनला घोड्याच्या नालेसारखी क्लिप असते. तिचं बंद टोक चेन धावते त्या दिशेला हवं. उलटी बसली तर कशात तरी अडकून ती उघडते.

केबल: सगळ्यात जास्त वेळा गुन्हेगार हीच

गिअरची केबल मोजून मापून ओढली जाते. आठ चकत्यांच्या कॅसेटमध्ये एका चकतीपासून दुसरी सुमारे ४.८ मिलीमीटरवर असते, दहा चकत्यांच्या कॅसेटमध्ये चार मिलीमीटरच्याही किंचित आत. म्हणजे डिरेलर एखादा मिलीमीटर इकडे-तिकडे झाला तरी चेन दोन चकत्यांच्या मध्ये घुटमळते, आणि जोर दिला की सोईची चकती पकडते. आपल्याला वाटतं सटकली. खरं तर तिने गिअर बदललेला असतो.

आधी बॅरल अ‍ॅडजस्टर. डिरेलरच्या मागे, केबल आत शिरते तिथे तो गोल खाचांचा नट असतो. चेन मोठ्या चकतीवर चढायला कुरकुरत असेल तर नट बाहेरच्या दिशेने, म्हणजे घड्याळाच्या उलट, पाव फेरी फिरवा. बघा. परत पाव फेरी. एकदम दोन फेऱ्या फिरवल्या की आपण कुठून निघालो होतो तेच हरवतं. नवी केबल घातल्यावर पहिल्या काही दिवसांत आउटर, म्हणजे केबलभोवतीच्या नळ्या, आपापल्या टोप्यांत दबून बसतात आणि केबल ढिली वाटते, त्यामुळे तेव्हा एकदा हे करावं लागणं अगदी स्वाभाविक आहे.

पण दर आठवड्याला करावं लागत असेल तर ते स्वाभाविक नाही. केबल आतून तुटत आहे. शिफ्टरच्या (हँडलवरच्या गिअर बदलायच्या खटक्याच्या) आत, जिथे केबलच्या टोकाचं धातूचं बोंड बसतं, तिथे ती दर वेळी वळते आणि तिथेच तिचा एकेक धागा तुटतो. बाहेरून काहीच दिसत नाही. शिफ्टर सगळ्यात लहान चकतीच्या गिअरवर आणा, केबल डिरेलरकडून सोडवा आणि शिफ्टरमधून थोडी पुढे ढकला. टॉर्चच्या उजेडात एखादा बारीक तारेचा केस उभा राहिलेला दिसला तर लगेच बदला. पूर्ण तुटली तर बोंड शिफ्टरच्या आत अडकून बसतं आणि ते काढायला अर्धा दिवस जातो.

चेन मोठ्या चकतीवर नीट चढते पण लहानवर उतरायला वेळ लावते, हे वेगळं लक्षण आहे. चढवायला हाताचा जोर असतो, उतरवायला फक्त डिरेलरची स्प्रिंग. केबल आउटरमध्ये घासत असेल तर स्प्रिंग हरते. आउटरचं मागचं वळण, जे डिरेलरमध्ये शिरतं, ते काढून बघा. पाणी आणि चिखल तिथेच साठतो.

इथे माझी एक चूक सांगायलाच हवी, कारण सायकल सजवणारे अनेक जण ती करतात. जुन्या पोलादी फ्रेमवर मी हौसेने नवी सायकल उभी केली होती आणि सगळे आउटर एका रंगाचे हवे म्हणून गिअरलाही ब्रेकचाच आउटर वापरला. दिसायला देखणी झाली. गिअर मात्र एक दिवसही जागेवर राहिले नाहीत. ब्रेकच्या आउटरमध्ये पोलादी पट्टी स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते. ताण आला की ती किंचित दबते. ब्रेकला ते चालतं, गिअरला नाही. गिअरच्या आउटरमध्ये तारा लांबीच्या दिशेने समांतर असतात, म्हणून तो आखूड होत नाही. ओळखायचं कसं? कापलेलं टोक बघा. कडेने बारीक तारांची टोकं गोलाकार दिसली तर गिअरचा. याच्या उलट चूक जीवघेणी आहे: गिअरचा आउटर ब्रेकला कधीही लावू नका. जोरात ब्रेक दाबला की त्या समांतर तारा फाकून बाहेर येऊ शकतात आणि ब्रेकच उरत नाही.

आउटर कापल्यावर टोक कानशीने सपाट करा आणि आतली दबलेली प्लॅस्टिकची नळी दाभणाने गोल उघडा. तिरकं कापलेलं टोक टोपीत हळूहळू बसत जातं आणि तितकी केबल रोज ढिली होत राहते.

वेगवेगळ्या सायकलींचे भाग जोडून सायकल बनवली असेल तर अजून एक प्रश्न विचारा: शिफ्टर आणि मागचा डिरेलर एकाच पद्धतीचे आहेत का? शिमॅनो आणि स्रॅम या दोन कंपन्यांचे शिफ्टर एका खटक्याला केबल वेगवेगळी ओढतात. आठ गिअरचा शिफ्टर नऊच्या कॅसेटवरही जुळत नाही. पहिल्या दोन गिअरला सगळं ठीक, मध्ये बिघडतं, असं झालं तर कितीही नट फिरवला तरी उपयोग नाही. चेनची रुंदीही तशीच. आठ गिअरची चेन साधारण ७.१ मिलीमीटर, अकराची साडेपाचच्या आसपास. जाड चेन दाटीच्या कॅसेटवर शेजारच्या चकतीला घासणारच.

टेपने चेन मोजा

आता त्या नव्या चेनच्या गोष्टीकडे येते. बुश रोलर चेनचं पेटंट हान्स रेनॉल्ड यांनी १८८० साली घेतलं. गिअरच्या आजच्या चेनमध्ये वेगळा बुश (पिनेभोवतीची स्वतंत्र नळी) नसतो, पण एका पिनेपासून दुसऱ्या पिनेचं अंतर सायकलीत आजही अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलीमीटर आहे. 'चेन ताणली गेली' असं आपण म्हणतो तेव्हा पट्ट्या लांबत नाहीत. पिन आणि तिच्याभोवतीची कड घासून पोकळी वाढते. प्रत्येक कडीत केसाएवढी वाढ, आणि शंभरावर कड्या.

मोजणं सोपं आहे. चेन सायकलवरच राहू द्या, पायडल हलकं दाबून वरची बाजू ताठ करा. टेपचं टोक सैल असतं, म्हणून १ इंचाची रेघ एका पिनेच्या मध्यावर धरा आणि १३ इंचावर बघा. नव्या चेनमध्ये तिथे बरोबर पिनेचा मध्य येतो. पिन अर्धा सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, पुढे गेली असेल तर झीज अर्ध्या टक्क्याची आहे. एक सूत पुढे असेल तर एक टक्का. अकरा-बारा गिअरची चेन अर्ध्या टक्क्यालाच बदला. त्याहून कमी गिअर असतील तर पाऊण टक्क्यापर्यंत चालते. बिनगिअरच्या जाड चेनला एक टक्का चालतो.

का मोजायचं? कारण वाढलेली चेन चकतीचे दातेही आपल्या मापाने घासते. दोघं बरोबर म्हातारे होतात आणि बऱ्याचदा एकमेकांशी जुळून राहतात. अशा चकतीवर नवी, अचूक अर्ध्या इंचाची चेन घातली की तिचे रोलर घासलेल्या दात्यांत बसतच नाहीत. सगळा भार एक-दोन दात्यांवर येतो आणि रोलर दात्यावरून घसरत वर चढतो. माझी नवी चेन मी सर्वांत जास्त वापरते त्याच तिसऱ्या चकतीवर सटकत होती, बाकीच्या गिअरवर मलईसारखी चालत होती. झीज ओळखण्याची खूण हीच.

लहान चकतीवर हे आधी होतं, कारण ११ दात्यांच्या चकतीवर एका वेळी पाच-सहा दातेच चेन धरतात, २८ वर चौदाच्या आसपास. आणि पुढचं चक्र लहान ठेवून चढ चढताना चेनवरचा ताण वाढतो. तोच पायाचा जोर लहान त्रिज्येवर पडतो म्हणून.

झीज एक सुताच्या पुढे असेल तर चेन आणि कॅसेट दोन्ही एकत्र बदला. वेळेवर चेन बदलत गेलात तर एका कॅसेटवर दोन-तीन चेन सहज निघतात. नवी चेन जुन्या चेनशेजारी लटकवून कापू नका. जुनी वाढलेली असते, त्यामुळे एखादी कडी जास्तीची राहते. कड्या मोजून कापा. पुढच्या चक्राचे दाते एका बाजूला वळून माशाच्या परासारखे दिसत असतील तर त्याचीही वेळ झाली.

हँगर: इथून पुढे हात जपून

सायकल उजव्या बाजूला पडली असेल, गाडीत आडवी नेली असेल किंवा दुसऱ्या सायकलींच्या गर्दीत कोंबली असेल तर हँगरवर संशय घ्या. हा डिरेलर धरणारा छोटा तुकडा. अनेक फ्रेममध्ये तो मुद्दाम मऊ अ‍ॅल्युमिनियमचा आणि सुटा असतो, म्हणजे धक्का बसला तर तो वाकावा, फ्रेम वाचावी. सायकलीच्या मागे उकिडवे बसा, एक डोळा मिटा. वरची चकती, दोन्ही जॉकी चाकं एका उभ्या रेषेत दिसायला हवीत. खालचं जॉकी चाक आत, स्पोककडे झुकलेलं असेल तर हँगर वाकलाय.

सुटा हँगर बदलणं घरी जमतं. दोन छोटे स्क्रू असतात. तुमच्या फ्रेमचाच हवा, शेकडो आकार आहेत, जुना सोबत नेऊन जुळवून घ्या. वाकलेला सरळ करायला मात्र लांब दांडीचं मापाचं हत्यार लागतं. ते रिमवर चार बाजूंना टेकवून अंतराचा फरक तीन-चार मिलीमीटरच्या आत आणतात. पान्ह्याने अंदाजे वाकवू नका. अ‍ॅल्युमिनियम दोन-तीनदा वाकवलं की मोडतं. हँगर फ्रेमचाच भाग असेल, त्याचे आटे गेले असतील किंवा जवळ रंगाला बारीक चीर दिसत असेल तर इथेच थांबा आणि फ्रेमचं काम जाणणाऱ्या कारागिराकडे न्या. कार्बनची फ्रेम असेल तर चीर दिसायचीही वाट बघू नका.

डिरेलरवरचे एच आणि एल लिहिलेले दोन स्क्रू या बिघाडासाठी फिरवू नका. ते टोकाच्या मर्यादा ठरवतात, मधल्या गिअरशी त्यांचा संबंध नाही. एल सैल झाला तर डिरेलर स्पोकमध्ये जातो आणि चाक, डिरेलर, हँगर तिन्ही एका क्षणात संपतात.

फ्रीव्हील: हे काम तज्ज्ञाचं

फ्रीव्हील किंवा फ्रीहबच्या (कॅसेट ज्यावर बसते त्या फिरत्या भागाच्या) आत स्प्रिंगवर बसलेले छोटे खटके असतात. कारागीर त्यांना कुत्रे म्हणतात. पायडल मारलं की ते आतल्या खाचा पकडतात, थांबवलं की टकटक करत घसरतात. ग्रीस घट्ट झालं किंवा स्प्रिंग तुटली की ते वर येत नाहीत आणि पाय पोकळीत जातो. कडक थंडीत पहिले काही मिनिटच असं होत असेल तर घट्ट झालेलं ग्रीस हे कारण असण्याची शक्यता जास्त, पण तेही आज ना उद्या उघडून साफ करावंच लागतं.

तपासायला मागचं चाक फिरवून कान द्या. टकटक एकसारखी हवी. मध्येच गप्प होत असेल किंवा चकत्या हाताने आडव्या हलवल्या की खूप डुगडुगत असतील तर त्या सायकलीवर आणखी एक फेरीही नको. उघडायचा मोह होतो, मलाही झाला होता. फ्रीव्हीलच्या वरच्या झाकणाचे आटे उलटे असतात. आपण सोडवतोय असं समजून आवळत बसतो. आणि उघडलंच तर मोहरीएवढ्या छऱ्यांचा सडा पडतो. हबवरून फ्रीव्हील काढायलाही त्याच्याच खाचांचं हत्यार आणि मोठा शिकंजा लागतो. वर्षानुवर्षं प्रत्येक चढाने ते घट्ट झालेलं असतं, आणि चुकीच्या हत्याराने खाचा गेल्या की मग ते कुणालाच निघत नाही. चाक काढा, तेवढंच दुकानात न्या, आणि कुठल्या गिअरला, कुठल्या लयीत सटकतं ते तिथल्या माणसाला सांगा.

दुरुस्ती कुठलीही असो, पहिली चाचणी बसूनच. प्रत्येक गिअरमध्ये दहा फेऱ्या, मागचा ब्रेक हलका दाबून. मग छोट्या चढावर बसून. तिथेही चेन बसून राहिली, तरच सीटवरून उठा.